आईच्या खोलीसाठी भट्टी

लखनौची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात, हे मला कुणी आधी सांगितलं नाही. आमचं भाड्याचं घर मी पाहिलं तेच मुळी जूनमध्ये. उंच छत, छताजवळ दोन्ही बाजूंना झरोक्यांसारखी रोशनदानं, गार फरशी, समोरासमोर दारं. बाहेर लूच्या झळा वाहत असताना आत शिरलो तेव्हा अंगावर कुणी ओला पंचा टाकल्यासारखं वाटलं आणि मी तिथल्या तिथे होकार दिला. त्याच घरात डिसेंबर उजाडला तेव्हा कळलं, आपण एका मोठ्या माठात राहायला आलो आहोत.

घर अलीगंजात, बैठ्या घरांच्या ओळीच्या टोकाला होतं. पुढे छोटा व्हरांडा, मागे विटा अंथरलेलं अंगण. मी तेव्हा तिथल्या एका संशोधन संस्थेत, उपकरणं दुरुस्त करणाऱ्या विभागात होतो. पंप, तराजू, तापमान राखणाऱ्या पेट्या. अमुक एका रोपाला चोवीस तास अमुक इतकी ऊब हवी असं एखाद्या शास्त्रज्ञाने सांगितलं की ती मी देत असे. त्यामुळे आईला ऊब देणं आपल्याला जमणार नाही, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

वडील गेल्यापासून आई पुण्याला मोठ्या भावाकडे राहायची. वडिलांचं कळल्यावर मी लखनौहून निघालो आणि पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. भावाने एकट्याने सगळं केलं होतं. तेव्हापासून आईने वर्षातले निदान काही महिने माझ्याकडे काढावेत असं मला फार वाटायचं. फार म्हणजे हट्टाने. तिला माझ्याकडे राहायला आवडेल की नाही, हा प्रश्न त्या हट्टात कुठे बसत नव्हता. शेवटी दिवाळीनंतर ते होळीपर्यंत माझ्याकडे, असं आम्ही भावांनी ठरवलं. पहिल्या वर्षी ती आली आणि थंडीने तिचा खोकला असा काही बळावला की पौष संपायच्या आत तिला परत पोचवावं लागलं. भाऊ स्टेशनवर आला होता. त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुढच्या वर्षी नको पाठवायला," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी खोली गरम असेल, दादा. ती जबाबदारी माझी."

हे बोललो तेव्हा खोली गरम कशी करायची याची मला काडीचीही कल्पना नव्हती.

आमच्या आसपासचे लोक अंगीठी करायचे. लोखंडी बादलीला आतून माती लिंपून केलेली ती शेगडी. दुपार कलली की ती गल्लीत ठेवून कोळसे पेटवायचे आणि धूर गेला की उचलून घरात न्यायची. मला तिची भीती वाटायची. दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्या कुणा ना कुणाची बातमी यायची, आणि आईची छाती आधीच नाजूक. विजेचा हीटर आणून पाहिला. संध्याकाळी सगळी कॉलनी एकदम हीटर लावायची आणि व्होल्टेज इतकं उतरायचं की हीटरची तार उदबत्तीच्या टोकासारखी दिसायची. मग वीजच जायची.

म्हणून मी ठरवलं, विस्तव बाहेर ठेवायचा आणि ऊब तेवढी आत आणायची.

मागच्या अंगणात स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून मी विटामातीची भट्टी रचली. जागा तीच निवडली, कारण पाण्याचा नळ तिथे होता. भट्टीवर तेलाचा जुना ड्रम, पाण्याने भरलेला. ड्रमच्या वरच्या अंगातून एक लोखंडी पाइप निघून आईच्या खोलीत जाणार, तिथे भिंतीच्या कडेकडेने फिरणार आणि खालून परत ड्रममध्ये येणार. तापलेलं पाणी आपणहून वर चढतं, निवलेलं खाली उतरतं, त्यामुळे पंप नको आणि वीजही नको. कागदावर ते इतकं सुंदर दिसत होतं की मी बायकोला दोनदा समजावून सांगितलं.

"म्हणजे मोठा बंबच की," ती म्हणाली.

"बंब नव्हे. बंबातलं पाणी आपण काढून घेतो. हे पाणी फिरत राहतं."

"आणि लाकडं कोण घालणार?"

"मी."

"तुम्ही घरी सहाला येता. तोवर आई काकडून जातील."

त्याचं उत्तर पुढे आपोआप मिळालं. लाकडं ती घालू लागली.

तुळशीच्या लग्नानंतर आई आली तेव्हा भिंतीला भोकं पडली होती, पाइप बसले होते आणि त्यातून काहीही फिरत नव्हतं. भट्टी पेटवली की पाइप गुरगुरायचा, पोटात मांजर बसल्यासारखा, आणि तापायचा फक्त पहिला हातभर. पुढे बर्फ. पाइपात हवा अडकत होती. मी पाइपाला चढ द्यायचा तिथे उतार दिला होता. संस्थेत एखाद्या शिकाऊ माणसाने ही चूक केली असती तर मी त्याला दिवसभर ऐकवलं असतं. रविवारी पुन्हा भिंत फोडली. चुन्याचा धुरळा आईच्या खोलीभर. ती पदर नाकाला लावून खोकत बसली होती आणि मी तिच्या खोकल्यासाठीच भिंत फोडत होतो.

मग लाकडांचा प्रश्न. जवळच्या टालेवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, मलिहाबादकडच्या बागांतलं आंब्याचं लाकूड मिळायचं.

"एकदम सूखी है, बाबूजी," टालवाला म्हणाला. "माचिस दिखाइए, भाग के जलेगी."

माचिस दाखवली. लाकडाच्या टोकांतून फेस आला. ते जळत नव्हतं, शिजत होतं. धुराचा एक जाड लोळ उठला, आमच्या अंगणात थोडा वेळ विचार करत थांबला आणि भिंत ओलांडून शेजाऱ्यांकडे गेला. शेजारी कचेरीतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ राहायचे. सगळी गल्ली त्यांना बड़े बाबू म्हणायची. त्यांच्या गच्चीवर त्या दिवशी घरातल्या सगळ्या रजया उन्हाला टाकल्या होत्या.

बड़े बाबू गच्चीच्या कठड्यावरून वाकले. रागाने बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि तेच जास्त लागायचं.

"भाईसाहब," ते म्हणाले, "धुआँ तो आपने इधर भेज दिया, बड़ी मेहरबानी. अब ज़रा गर्मी भी भेज दीजिए."

मी हात जोडून माफी मागितली. त्या हिवाळ्यात मी सारखी कुणाची ना कुणाची माफी मागत होतो. दुसऱ्या दिवशी पत्र्याचं धुराडं बसवलं. मग धूर बड़े बाबूंची गच्ची सोडून पलीकडच्या घरात जाऊ लागला.

असं करत करत मार्गशीर्ष निम्मा सरला. एका रविवारी दुपारी, मी पाइपाच्या सर्वांत उंच जागी हवा सोडायची एक छोटी चावी बसवल्यावर, पाणी फिरलं. मी अंगणातून धावत आईच्या खोलीत आलो तर ती आधीच पाइपावर हात ठेवून उभी होती.

"ताप आलेल्या माणसाच्या कपाळाइतका आहे," ती म्हणाली.

"अजून तापेल."

"पुरे झाला. याहून जास्त म्हणजे डॉक्टरला बोलवावं लागेल."

मी रोशनदानांत पोती कोंबली. खिडकीच्या फटींना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. संस्थेतून आणलेला तापमापक भिंतीवर टांगला आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलो. पारा हळूहळू चढत होता. आईने शाल काढून खाटेवर ठेवली. गेल्या वर्षीपासून मी हीच वाट पाहत होतो, तिने शाल काढून ठेवायची. माझ्या मनात भावाशी बोलणं सुरू झालं. बघ, दादा.

आणि मग दिवेलागण झाली.

आई उठली. तिने मागचं दार लावून घेतलं, कडी घातली. देवापुढे दिवा लावला. मग पुढच्या खोलीत जाऊन घराच्या पुढच्या दाराच्या दोन्ही झडपा सताड उघडल्या आणि परत येऊन देवासमोर जप करत बसली.

हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडे साताऱ्याच्या घरी रोज हेच व्हायचं. तिन्हीसांजेला लक्ष्मी घरात येते, तेव्हा पुढचं दार उघडं हवं. आणि आलेली मागच्या दाराने निघून जाऊ नये म्हणून मागचं बंद हवं. मी लहानपणी ते इतक्या वेळा पाहिलं होतं की घराचा सगळा आराखडा करताना मला ते आठवलंच नाही. गेल्या वर्षीही ती दार उघडत असणार, पण तेव्हा आत आणि बाहेर सारखीच थंडी असल्यामुळे माझ्या लक्षात आलं नसावं. पुढच्या दारातून सरळ पाहिलं तर पुढची खोली, मग दाराऐवजी नुसती कमान, घरमालकाने हवा खेळावी म्हणून ठेवलेली, आणि कमानीपलीकडे आईची खोली, तिच्या समोरच्या भिंतीवर देव. म्हणजे लक्ष्मीला यायला सरळ रस्ता होता. लखनौच्या धुक्यालाही तोच.

पारा उतरू लागला.

"आई, दार."

"हो, उघडलंय."

"थंडी येतेय आत."

"येईल नि जाईल. तिन्हीसांजेला दार लावून बसायचं म्हणजे घरातलं कुणी गेल्यासारखं."

घरातलं कुणी गेलं तेव्हा मी कुठे होतो, हे तिच्या मनात नसेलही. माझ्या मनात होतं.

तिचा जप, मग रामरक्षा, मग नातीकडून शुभंकरोती म्हणून घेणं, एवढं होईपर्यंत दार उघडं राहायचं. दार लागेपर्यंत भिंती, फरशी, खाट, सगळं गोठून जायचं, आणि ते पुन्हा तापायच्या आत आईची झोपायची वेळ व्हायची. मी दुसरी अडचणही लवकरच शिकलो. भट्टी मागच्या अंगणात आणि मागचं दार बंद. विस्तवाला लाकडं घालायची खरी वेळ तीच, म्हणून मी पुढच्या दारातून बाहेर पडून, घराला वळसा घालून, कुंपणाच्या फटीतून अंगणात शिरायचो आणि तसाच परत यायचो. बड़े बाबू कानटोपी घालून फाटकापाशी उभे असायचे.

"परिक्रमा हो रही है, भाईसाहब?" ते विचारायचे. "मन्नत कौन-सी है?"

एके दिवशी मी थांबून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं.

"माताजी ठीक कहती हैं," ते म्हणाले. "दीवाली पर हमारे यहाँ भी किवाड़ खुले रहते हैं. मगर साल में एक रात. आपके यहाँ तो रोज़ दीवाली है."

मी तोडगे काढले. प्रत्येक तोडगा घेऊन आईकडे जायचो आणि ती तो शांतपणे परत करायची. कमानीत रजईचा जाड पडदा लावला, खालून वीतभर मोकळा.

तिने पडद्याकडे पाहिलं. "लक्ष्मी काय वाकून येणार?"

"मग एकच झडप उघडू या."

ती तिने दोन दिवस उघडून पाहिली. तिसऱ्या दिवशी दोन्ही उघडल्या. म्हणाली, "पाहुण्यांना अर्धं दार उघडणारी माणसं मला आवडत नाहीत."

"देव पुढच्या खोलीत हलवू का? मग कमानीला दार बसवतो. तुझी खोली बंद राहील."

"देव म्हणजे काय खाट आहे का रे, हलवायला?"

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर हिंदीत यायचं. ती रजईतून डोकं काढून म्हणाली, "पापा, आजी की लक्ष्मी को बोलो ना, दोपहर में आया करे." आई हसली, बायको हसली. मला हसू आलं नाही. मी बाहेर जाऊन ड्रममधलं पाणी पाहिलं. पाण्याची पातळी खाली गेली की फिरणं बंद पडायचं आणि ती सतत खाली जायची. 

बायकोचं सांगायला हवं. दुपारी चार वाजता भट्टी पेटवणं, ओली लाकडं फुंकणं, ड्रममध्ये बादल्या ओतणं, हे सगळं तिच्याकडे आलं होतं. मी संस्थेत बसून पाइपाच्या उताराची आकडेमोड करायचो आणि ती फुंकणीने विस्तव फुंकायची. संध्याकाळी तिचे डोळे लाल असायचे. एकदा मी आल्या आल्या विचारलं, "आज पारा कुठवर गेला होता?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मला दिसत नव्हतं. तुमच्या आईची थंडी माझ्या डोळ्यांतून चाललीय."

मग थोड्या वेळाने, कणीक मळता मळता, ती सहज म्हणाली, "त्यांची खाट इथे आणली तर? स्वयंपाकघर एवढंसं आहे. बाहेरचं दार नाही. ऊब असते इथे."

"आईला स्वयंपाकघरात झोपवायचं?"

"झोपवायचं काय? झोपतील."

"लोक काय म्हणतील? दादा काय म्हणेल?"

"दादा पुण्याला आहेत," ती म्हणाली.

मी तो विषय तिथेच बंद केला. खरं सांगायचं तर लोकांची भीती निम्मीच होती. उरलेली निम्मी म्हणजे, खाट हलली तर मग पाइप कशासाठी, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

पौष लागला. धुकं इतकं उतरायचं की सकाळी दूधवाला आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. आईला पुन्हा बारीक खोकला सुरू झाला. मी एक तास आधी घरी यायची परवानगी मागितली, भट्टीचं तोंड मोठं केलं, खोलीत पाइपाचा आणखी एक फेरा वाढवला. आणि एका संध्याकाळी घरी आलो तर आईची खोली रिकामी होती. खाट नव्हती. देव होते, दिवा होता, पुढचं दार उघडं होतं आणि रिकाम्या खोलीत पाइप सुरेख तापलेला होता.

खाट स्वयंपाकघरात होती. भिंतीला टेकून, पायांवर रजई घेऊन आई मटार सोलत बसली होती.

"कुणी आणली खाट?" मी बायकोला विचारलं. आवाज चढला असावा.

"मी आणि हिने," आई म्हणाली. "तिच्यावर ओरडू नकोस. देव हलवण्यापेक्षा मी हलले. सोपं पडलं."

"आई, स्वयंपाकघरात कुणी झोपतं का?"

"अख्खा जन्म स्वयंपाकघरात गेला माझा. झोपेपुरती बाहेर काढायची होतीस का?" मग तिने पाठीमागच्या भिंतीवर हात फिरवला. "आणि ही भिंत बघ."

मी हात लावला. भिंत गरम होती. पाइप कधी तापला नव्हता इतक्या सावकाश, खोल उबेने गरम होती. भट्टी पलीकडून तिला टेकूनच तर होती. मी दोन महिने पाइपांच्या मागे लागलो होतो आणि ऊब विटांमधून सरळ पलीकडे जात होती, कुणालाही न विचारता. बायकोला हे ठाऊक होतं. तिच्या पोळ्यांची कणीक त्या भिंतीपाशी ठेवली की लवकर आंबू लागायची, म्हणून तिने डबा दुसरीकडे हलवला होता. माझ्याशी बोलताना हा डबा तिच्या बोलण्यात एक-दोनदा आलाही असेल.

खरं तर मला तिथे आनंद व्हायला हवा होता. आई उबेत होती, आणि तीही माझ्याच भट्टीच्या. आठवड्याभरात तिचा खोकला गेला. रात्री नऊला ती गाढ झोपलेली असायची. पण मी काय केलं, तर रिकाम्या खोलीतल्या पाइपाला आणखी चढ दिला. खोली एकदा नीट तापली की तिला परत आणायची, असं मी मनाशी धरून बसलो होतो. रोज संस्थेतून येऊन आधी तिच्या रिकाम्या खोलीतला पारा पाहायचो आणि मग स्वयंपाकघरात तिला भेटायला जायचो. हा क्रम तिच्या लक्षात आला होता का, मला माहीत नाही. बायकोच्या आला होता.

अशात माघाच्या सुरुवातीला भाऊ आला. कानपूरला त्याचं बँकेचं काम होतं, एक दिवस वेळ काढून तो आईला भेटायला आला. गाडीला उशीर झाला आणि रिक्षा दाराशी थांबली तेव्हा नेमकी तिन्हीसांज होती. दार सताड उघडं. त्याला वाटलं, त्याच्यासाठीच उघडं ठेवलंय. आत येऊन त्याने देवाला हात जोडले आणि विचारलं, "आई कुठेय?"

"स्वयंपाकघरात," मी म्हणालो.

तो आत गेला. आई खाटेवर उठून बसली होती. त्याने खाट पाहिली, उशाशी तिची पितळी फुलपात्रं, औषधाची बाटली, भिंतीवर खुंटीला अडकवलेली तिची जपमाळ पाहिली. म्हणजे ही तात्पुरती सोय नव्हे हे त्याला कळलं. तो नमस्कार करून तिच्या पायाशी बसला. चहा झाला. खुशाली झाली. मग तो म्हणाला, "आई, तू इथे झोपतेस?"

"हो. ऊब आहे इथे. ही भिंत बघ, हात लाव."

त्याने लावला. "स्वयंपाक चाललाय म्हणून."

"नाही रे, भट्टी आहे मागे. याने केलीय."

"आई," तो हळूच म्हणाला, "तू कायम त्याला सांभाळून घेतेस."

मी म्हणालो, "दादा, तू इकडे ये. तुला दाखवतो," आणि त्याला आईच्या खोलीत नेलं. पाइप दाखवला, चढ दाखवला, हवा सोडायची चावी दाखवली, पोती कोंबलेली रोशनदानं दाखवली. तो अंगात ओव्हरकोट घालून ऐकत होता. आमच्या दोघांच्या तोंडून वाफ येत होती. पुढच्या दारातून धुकं आत येऊन देवाच्या दिव्याभोवती साचलं होतं.

"पाइपाला हात लावून बघ," मी म्हणालो.

त्याने हातमोजा काढून हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाला, "पाइप गरम आहे रे. खोली थंड आहे."

"ते दारामुळे. आईच दार उघडते."

"मग लावून घ्यायचं."

"तू लाव," मी म्हणालो. "जा, लावून ये."

तो दाराकडे बघत राहिला. साताऱ्याच्या घरात आम्ही दोघेही एकाच आईच्या हाताखाली वाढलो होतो. तो काही दार लावायला गेला नाही. पण माझी बाजू त्याला पटली असंही नाही. त्याच्या डोळ्यांसमोर ती खाट होती.

जेवताना त्याने विषय काढला. आई खाटेवर, आम्ही खाली पाटांवर, बायको वाढत होती.

"आई, मी उद्या परत जातोय. चल माझ्याबरोबर. इथे तुला असं..." तो थांबला. "तिकडे निदान नीट झोपशील."

मी आईकडे पाहिलं. माझा घास हातात राहिला होता. ती हो म्हणाली असती तर मी अडवू शकलो नसतो. अडवायला माझ्याकडे होतं काय? एक थंड खोली आणि एक गरम पाइप.

आई म्हणाली, "तिकडे मी दिवाणखान्यात झोपते. तुमचा टीव्ही संपेपर्यंत डोळे मिटून बसते. इथे नऊला निजते. होळीपर्यंत राहायचं ठरलंय, तर राहते."

ती हे अगदी सरळ बोलली, कुणाला टोचावं म्हणून नाही. बायकोने पटकन भावाला पोळी वाढली. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले, आणि मला आतून जो आनंद झाला त्याची मला आजही लाज वाटते. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी त्याला रिक्षात बसवताना मी म्हणालो, "दादा, पुढच्या वर्षी बघ, खोली अशी करतो की..."

"हो," तो म्हणाला. "बघू."

आई होळीपर्यंत राहिली. एकदाही खोकली नाही. बड़े बाबूंच्या बायकोशी तिची मैत्री झाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दुपारी अंगणात उन्हात बसून दोघी तासन्‌तास बोलायच्या. होळीची पुरणपोळी करून ती गेली. तिला पोचवायला गेलो तेव्हा भाऊ माझ्याशी नीट वागला, जरा जास्तच नीट. पाहुण्याशी वागावं तसा.

उन्हाळाभर मी काम केलं. चूक कुठे होती ते आता स्वच्छ दिसत होतं. भट्टी स्वयंपाकघराच्या भिंतीपासून काढली आणि आईच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून नव्याने रचली, म्हणजे पाइपाची ऊबही तिलाच आणि विटांचीही. कमानीला सुताराकडून दोन झडपांचं दार करून घेतलं, वरपासून खालपर्यंत काचेचं. पुढचं दार उघडं असताना रस्त्यावरूनही देवाचा दिवा दिसेल असं. लक्ष्मीला वाकायला नको, आणि काचेचं दार फक्त तिच्यापुरतं क्षणभर उघडलं तरी आईचं समाधान होईल, असा माझा हिशोब. वाळलेली लाकडं मी मे महिन्यातच घेऊन रचून ठेवली.

दिवाळीच्या आधी भावाचा ट्रंककॉल आला. आवाज खरखरत होता.

"आईला आता एवढा प्रवास झेपत नाही," तो म्हणाला. "डॉक्टरही नको म्हणतात."

"मी घ्यायला येतो."

"नको. कशाला तिची ओढाताण? आणि आम्ही टीव्ही आतल्या खोलीत हलवलाय आता."

मी आईला फोनवर बोलवायला सांगितलं. ती आली. फोनवर ती नेहमी फार मोठ्याने आणि फार थोडं बोलायची.

"हा म्हणतोय ना," ती म्हणाली, "तर राहू दे या वर्षी."

त्या वर्षी राहिलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. मग तिला खरोखरच प्रवास झेपेनासा झाला. मी सुट्टीत तिकडे जाऊन भेटून यायचो. एकदा तिला काचेच्या दाराबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "काचेचं? बरं केलंस," आणि नातीच्या शाळेचं विचारू लागली.

ट्रंककॉल आला त्याच हिवाळ्यात भट्टी पहिल्याच प्रयत्नात पेटली. लाकूड भागके जळलं, धूर सरळ वर गेला, पाइप शेवटपर्यंत तापला. खोली अशी गरम झाली की पारा मी दोनदा झटकून पाहिला. बायको दिवेलागणीला देवाला दिवा लावायची आणि थंडी आत येऊ नये म्हणून पुढचं दार लावून घ्यायची. पाच-सहा दिवसांनी मी घरी आलो तर आईच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर मुलीचे शाळेचे मोजे, स्वेटर, माझे शर्ट, चादरी.

"धुक्यात आठ-आठ दिवस वाळत नाहीत," बायको म्हणाली. "इथे एका रात्रीत वाळतात."

मी मोज्यांना हात लावून पाहिला. वाळले होते, गरमही होते.